डाव्या खांद्यावरची लोकर

आमचं आडनाव कातरे. पतसंस्थेत नोकरीला लागलो त्या दिवशी साहेबांनी विचारलं, "कातरे म्हणजे कुठले?" मी म्हणालो, "कळंबकडचे." "ते झालं हो. पण कातरे म्हणजे काय?" मला सांगता आलं नाही. बी.कॉम. झालो होतो, ताळेबंद जुळवता येत होता, पण स्वतःच्या नावाबद्दल कुणाला कधी विचारलंच नव्हतं.

ते पुढं बिरदेवतात्यांनी सांगितलं. बिरदेव कातरे माझे चुलत चुलते. आज ते ऐंशीच्या घरात आहेत. कळंबजवळ मांजरेच्या काठी आमचं गाव आहे, तिथं ते आणि सिताबाई काकू दोघंच राहतात. लेकी नांदायला गेल्या, मुलगा नाही.

"मेंढरं दुसऱ्याची, कातर आपली," तात्या म्हणायचे. आसपासच्या धनगरांकडे मोठे कळप असत. आमच्या घरात मेंढरं बेताचीच. आमच्या माणसांचं काम लोकर उतरवण्याचं. वर्षातून दोनदा टोळी निघायची. ज्याचा कळप तो आदल्या दिवशी मेंढरं नदीत धुऊन ठेवी. ती सुकली की आमची माणसं एकेकाचे पाय बांधून आडवं करीत आणि भादरत. मोबदल्यात ज्वारी, थोडी लोकर आणि पोटभर जेवण. बोलावणं धाडताना लोक "कातऱ्यांना सांगा" म्हणत. माझ्या वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी तेच नाव घातलं. आमच्या आडनावाची कुळकथा एवढीच.

निवृत्ती जवळ आली तसा मला कातरे शोधण्याचा छंद लागला. लग्नपत्रिका, मतदारयाद्या, दुकानांच्या पाट्या, जिथं नाव दिसेल तिथं मी चौकशी करायचो. पुष्कळ कातरे सापडले. विदर्भात गोंदियाकडे आहेत, ते पिढ्यान् पिढ्या शेती करणारे. कोकणात भेटले त्यांची जात वेगळी, देव वेगळा. कातर त्यांच्या घरात फक्त शिवणकामाच्या डब्यात. माझा मुलगा प्रेम पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, इतकं करून सिद्ध काय झालं? कातरे सगळीकडं आहेत, आणि एकमेकांचे कुणीच नाहीत."

गावी गेलो की मी हे सगळं तात्यांना सांगायचो. ते बाजेवर बसून शांतपणे ऐकायचे. माझं बोलणं संपलं की त्यांचा एकच प्रश्न असे.

"ह्यात शिवा न्हाय का?"

"न्हाय, तात्या."

"बरं. पुढच्या बारीला बघ."

शिवा म्हणजे शिवपुत्र, तात्यांचा धाकटा भाऊ. मी सातवीत होतो तेव्हा तो घर सोडून गेला. त्या दोघांची जोडी टोळीत नावाजलेली होती. एका मेंढरावर दोघं बसत. शिवा शेपटीकडून सुरुवात करी, तात्या मानेकडून. मानेचं कातडं सैल, घड्या पडलेलं. तिथं सावकाश हात चालवावा लागतो, म्हणून ते काम थोरल्याचं. धाकटा सपाट पाठीवरून झपाट्यानं पुढं येई. उजवी बाजू झाली की मेंढरू उलटायचं, मग डावी. शेवटी दोन्ही कातरी डाव्या खांद्यावर समोरासमोर येत. तिथं मूठभर लोकर उरलेली असे. धाकट्यानं हात थांबवायचा आणि ती मूठ थोरल्यानं उतरवायची. जोडीनं बसणाऱ्या भावांची ही रीतच होती. थोरला वारला तरच त्या वर्षी धाकटा शेवटची मूठ कापी, आणि मग टोळीत कुणी काही न विचारता समजून घेई.

तो गेला त्या साली बिरोबाला सोडलेल्या मेंढ्यापासून कातरणीला सुरुवात झाली. मी तिथं होतो. तात्या भंडाऱ्याची पिशवी घ्यायला वळले. मेंढा दांडगा, त्यानं पाय झाडले, दावं सुटलं. कातर लागू नये म्हणून शिवाकाकानं घाईनं हात पुरा केला. तात्या वळून बघतात तो खांदा साफ झालेला.

तात्यांचा चेहरा उतरला. आज मला वाटतं, ते घाबरले होते. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"थोरला मेला का रं तुझा? आं? घाई झाली व्हय वाटा घ्यायची?"

सगळी टोळी ऐकत होती. कुणीतरी हसलंही. शिवाकाकानं कातर पुसली, दिवसभर बाकीची मेंढरं भादरली आणि मग कातर कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडं निघालेल्या एका टोळीबरोबर तो गेला. चार दिवसांत येईल, असं सगळ्यांना वाटलं. तात्यांनी दोन वर्षं दुसरा जोडीदार घेतला नाही. पुढं ते एकटेच भादरू लागले, शेपटीपासून मानेपर्यंत.

नंतर कातरणीचेच दिवस गेले. मेंढरं मटणासाठी राहिली, लोकरीला कुणी विचारेना. भादरलेली लोकर बांधावर टाकून देणारे मी पाहिलेत. तात्यांचे हातही कापू लागले. राहिला तो एक प्रश्न.

उमरग्यात आमच्या संस्थेची शाखा आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिथं तपासणीला गेलो होतो. दुपारी हायवेच्या कडेला चहा घेत उभा होतो. शेजारी एक माणूस सात-आठ मेंढरं घेऊन टेंपोची वाट बघत होता. मेंढरं नुकतीच भादरलेली होती, आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर लोकरीचा झुबका तसाच ठेवलेला होता.

चहा हातात तसाच राहिला. मी जवळ गेलो.

"पाव्हणं, एवढंच का राहिलं? कातर मोडली का?"

"कातर धड हाय. बायकूचं डोस्कं मोडलंय," तो हसला. "आमच्या घरात असंच भादरत्यात. बाजारात गिऱ्हाईक रोग समजून मागं सरतंय, पर ती ऐकत न्हाय. सासऱ्याची शिकवण."

"सासरे कुठले तुमचे?"

"हितलेच की, मुरूमच्या अंगाला वस्ती हाय. शिवपुत्र कळंबे."

"कळंबे?"

"मूळचं काय हुतं देवाला ठाऊक. कळंबाकडनं आला म्हणून समदी कळंबे म्हणाय लागली. तेच कागदावर चढलं. आमी इचारलं तर म्हणायचे, हाय ते बरं हाय."

इतकी वर्षं मी याद्यांतून कातरे हुडकत होतो. ज्याला हुडकायचं तो आमच्या गावाकडचं नाव लावून, याच जिल्ह्यात, बसनं एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर राहत होता.

"भेटतील का ते?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. हसणं थांबलं. "तुमी कोण म्हणायचं? सासरे जाऊन चार वर्सं झाली की."

त्याचं नाव महालिंगप्पा. मी त्याला नातं सांगितलं, त्याचा फोन नंबर घेतला आणि शाखेत परत गेलो. त्या दुपारी एकही बेरीज जुळली नाही.

पुढच्या रविवारी गावी गेलो. वाटेत बसमध्ये वाक्यं लावत होतो, आधी हे सांगायचं, मग ते. तात्यांनी मला दारात बघितलं आणि माझी सगळी रचना वाया गेली.

"सापडला," ते म्हणाले.

"व्हय, तात्या. पण…"

"कधी गेला?"

"चार वर्षं झाली म्हणतात."

काकू चुलीपुढून उठून दारात आल्या. तात्या बाजेच्या सुंभाला नख लावत बसले. मी उमरग्याची हकिकत सांगितली. झुबक्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"डाव्या खांद्यावर?"

"डाव्या."

"समद्या मेंढरांच्या?"

"समद्या."

ते उठले, आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेली कातर घेऊन आले. काकूंनी विचारलं, "आता कुणाची भादराय निघालाव? हात तर चहाचा कप सांडतोय."

"तू गप. धोतर काढ धुतलेलं."

"काढते. पर तिथं पोरीम्होरं रडू नगा. पयल्यांदाच भेटतीया ती."

मी महालिंगप्पाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कळंबहून धाराशिव, तिथून उमरगा. तात्या खिडकीशी बसले होते, कातर मांडीवर. उमरग्याच्या स्टँडवर महालिंगप्पा मोटारसायकल घेऊन आला होता. तात्यांना त्यानं मागं बसवून पुढं नेलं आणि मी रिक्षानं मागून गेलो.

वस्तीवर चार-पाच घरं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. दारात एक चाळिशीची बाई उभी होती. तीच शिवाकाकाची मुलगी, शिवकन्या. तिनं तात्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मग वाकून पाया पडली.

"दोड्डप्पा," ती म्हणाली. कानडीत थोरल्या चुलत्याला असं म्हणतात, हे मला तिथंच कळलं. तात्यांना कुणी आजवर त्या नात्यानं हाक मारली नव्हती. मारणारी हीच एक होती.

पाणी झालं, चहा झाला. तात्यांनी कप खाली ठेवला. शेवटी तिच्याकडं न बघता विचारलं, "माझ्याबद्दल काय बोलायचा का?"

"नाव न्हाय घेतलं कधी. म्या इचारायची, अप्पा, ही मूठ कशापायी ठिवायची? म्हणायचे, ती माझी न्हाय. कुणाची मग? तर म्हणायचे, हाय एक जण. एकदा एका यापाऱ्यानं ती कापून दे म्हटलं, तर सौदा मोडला. लई भांडली आई."

"मग यायचं हुतं की एकदा. म्या काय वाट अडवून बसलो हुतो?"

शिवकन्येनं नवऱ्याकडं बघितलं. महालिंगप्पाच म्हणाला, "एकदा गेलते. आमचं लगीन ठरलं तवा, आवतन द्यायला. कळंबाच्या स्टँडावरनं माघारी आले."

"का?"

"सासूला म्हणाले, हितनं म्होरं गेलो तर कुणीतरी सांगंल, तुझा थोरला गेला म्हणून. मग ती मूठ मला कापावी लागंल."

तात्यांनी डोक्याचा पटका काढून गुडघ्यावर ठेवला. बाहेर मेंढरं बांधलेली होती, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत होता. काकूंनी बजावलं होतं तसं ते रडले नाहीत. फक्त दोनदा म्हणाले, "स्टँडापतुर आलता." आमच्या गावाला स्टँडावरून टमटम जाते, फार तर अर्धा तास.

मग ते उठले. "चल पोरी, एक मेंढरू धर."

शिवकन्येनं एक काळी मेंढी ओढून आणली. पाय बांधायला दावं घेतलं तर तात्या म्हणाले, "नुसतं डोस्कं धर." ते खाली बसले. फडकं सोडलं. कातरीला त्यांनी घरूनच तेल लावलेलं होतं. डाव्या हातानं तो झुबका पकडला, उजव्या हातात कातर घेतली, आणि हात कापायला लागला. पातं लोकरीजवळ नेलं की थरथर वाढे. महालिंगप्पा पुढं होऊन म्हणाला, "द्या हिकडं, म्या कापतो."

"न्हाय," शिवकन्या म्हणाली. तिनं मेंढीचं डोकं गुडघ्यात दाबलं आणि आपला एक हात तात्यांच्या मनगटाखाली टेकू दिल्यासारखा धरला. थोरल्याचा हात मग सावकाश चालला. मानेच्या घडीजवळून, कातड्याला धक्का न लावता, एक-दोन-तीन घासांत लोकर निघाली. खांदा साफ झाला.

तात्यांनी ती मूठ नाकाजवळ नेली. मग पटक्याच्या टोकाला बांधली.

"बाकीची आणू?" शिवकन्येनं विचारलं. गोठ्यात आणखी सहा-सात उभी होती, प्रत्येकीच्या डाव्या खांद्यावर झुबका.

तात्या उठायचा प्रयत्न करत होते. मी हात दिला. उभं राहून त्यांनी गोठ्याकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "म्या हाय तवर ठिव."

संध्याकाळच्या बसनं आम्ही परत निघालो. नळदुर्ग मागं पडलं. मग तात्यांनी विचारलं, "कळंबे नावाची माणसं लई असतील का रं?"

"असतील की. बघू का?"

"नगं," ते म्हणाले आणि पटक्याच्या गाठीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले.