दोनच सीटची लाल गाडी

माझ्या धाकट्या नणंदेने अमेरिकेत लाल रंगाची, बिनछपराची स्पोर्ट्स कार घेतली तेव्हापासून माझा जीव जळतोय. असं कुणी उघड सांगत नाही; कौतुक वाटलं म्हणतात. कौतुक सासूबाईंना वाटलं. मला हेवा वाटला, आणि तो अजून उतरलेला नाही.

गाडी पहिल्यांदा पाहिली ती व्हिडिओ कॉलवर, लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरात, सगळ्यांनी डोक्याला डोकं लावून. लांबलचक नाक, गोल दिवे, कडेने चकाकणारी पट्टी. गाडी नवी कोरी, पण घडण अशी की पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वाटावी. तिकडे जुन्या रूपाच्या नव्या गाड्यांची फॅशन आहे म्हणे. मला ते लगेच पटलं. आपल्याकडेही सराफ आजीच्या घाटाच्या पाटल्या नव्याने घडवून देतातच की. सासूबाईंना मात्र काही पटेना.

"का गं, एवढे पैसे टाकले आन् वरचा टपच नाही दिला? ऊन नाही लागत का?"

नणंद हसली आणि तिने एक बटण दाबलं. मागून काळं कापडी छत उठलं, डोक्यावरून पुढे आलं आणि चपखल बसलं. पुन्हा दाबलं, तर घडी होऊन मागे गडप. मग बाईसाहेब स्वतः स्टिअरिंगवर बसल्या, नंदोई शेजारी, आणि दोघं समुद्राकाठच्या रस्त्याने निघाले. तिचे केस मोकळे, वाऱ्यावर. इकडे मी भाजीला निघाले तरी धुळीपायी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात बांधते.

एवढ्यावर भागलं असतं, पण सासऱ्यांनी विचारलं, "मागे किती जण बसतात?"

"मागे सीटच नाही, बाबा. दोघांचीच आहे."

"मग काय कामाची?" सासरे म्हणाले आणि टीव्हीकडे वळले. बाकीचेही उठले. मी तिथेच बसून राहिले. एवढी मोठी गाडी आणि फक्त दोघांची. 'मी पण येते' असं म्हणायची कुणाला सोयच ठेवलेली नाही. ती गाडी ज्याने घडवली, त्याच्या बायकोचं नक्की माझ्यासारखं एकत्र कुटुंब असणार.

आमच्याकडेही गाडी आहे. पांढरी, सात सीटची, आणि ती कधी सात जणांवर भागत नाही. 'गाडी खाली कायले न्यायची?' हे आमच्या घरातलं ब्रह्मवाक्य. खाली म्हणजे रिकामी; एकही सीट तशी गेली तर पाप लागतं. खंडव्याला निघालो की मावससासू येतात, शेजारच्या सुनेला माहेरी सोडायचं असतं, कुणासाठी केळीचा घड पोहोचवायचा असतो. पुढची सीट सासूबाईंची, त्यांच्या गुडघ्यांसाठी. माझी जागा पार मागे, मांडीवर पुऱ्यांचा डबा. तिथून नवऱ्याची मला फक्त मान दिसते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडी चालवताना हे पुढून कसे दिसतात, ते मला ठाऊक नव्हतं.

दुपारी गल्लीतले पॉवरलूम खटखटत असतात तेव्हा मी फोनवर त्या उघड्या अमेरिकन गाड्या बघत बसते. निळ्या, पिवळ्या, दुधी रंगाच्या. आता तर कुठलं मॉडेल कुठल्या जुन्या गाडीवरून काढलंय तेही सांगता येतं. दारावर कोपर टेकून चालवणाऱ्या बायका मला सगळ्यात जास्त आवडतात आणि सगळ्यात जास्त खुपतात.

शेवटी गेल्या हिवाळ्यात मी ह्यांना म्हटलं, "एकदा आपण दोघंच जाऊ. असीरगडापर्यंत. गाडीत तिसरं कुणी नको."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं, जाऊ."

आणि खरंच नेलं. सासूबाईंनी कुठे म्हणून विचारलं, तर "काम आहे" म्हणून मोकळे झाले. मी पुढे बसले. गाव मागे पडल्यावर काच पार खाली केली, केसांचा चाप काढला, कोपर बाहेर ठेवलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, थंड वारा, कान गार पडलेले. हे चालवताना ओठ मुडपतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी नणंदेला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

वाटेत निंबोल्याच्या बसस्टँडवर ह्यांनी ब्रेक मारला. केळीच्या धंद्यातले ओळखीचे एक काका पिशवी घेऊन बसची वाट बघत उभे होते. हे माझ्यावरून वाकून खिडकीतून म्हणाले, "काका, चला ना, सोडतो तुम्हाला. गाडी खालीच तर जाऊन राहिली."

मग मला म्हणाले, "तू मागे बस. काकांना मागे चढायला त्रास होईल."

मी उतरले आणि मागे जाऊन बसले. काकांनी विचारलं, "काही काम होतं का इकडे?"

"नाही हो, असंच," हे म्हणाले.

काकांवर मी रागावले नाही. म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायलाच हवी, ती मी आपणहून दिली असती. पण 'गाडी खालीच' असं हे काही काकांच्या समाधानासाठी बोलले नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. मी शेजारी बसले होते, केस मोकळे सोडून, आणि ह्यांच्या लेखी गाडी रिकामीच होती.