हिच्या पानावरची वाम

इथे कॅनडात, हॅलिफॅक्सच्या दुकानात मासा मिळतो तो बिनडोक्याचा. डोळा बघितल्याशिवाय मासा घ्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. ही असती तर दुकानवाल्याचा उद्धार करून आली असती. पण ही गेली. तिच्या वर्षश्राद्धाला पानावर काय वाढायचं याचा मला घोर लागला. आमच्यात त्या दिवशी मेल्या माणसाच्या आवडीचं पान कावळ्याला ठेवतात. हिची आवड एकच, वाम. जाडजूड, चिंचेच्या कोळातली.

मुलगा म्हणाला, "बाबा, सॅमन ठेवा ना. फिश इज फिश."

आईला काय आवडायचं तेही ह्याला ठाऊक नाही.

वाम होती ती नदीच्या तोंडाशी, एका मिकमॅक माणसाकडे. हे इथले मूळचे लोक. मी बसने जाऊन नदीवर बसायचो, तिथे ओळख झाली. पन्नाशीचा, पोट सुटलेला, मला 'ओल्ड मॅन' म्हणायचा. परतताना कधी कधी गाडीने घरी सोडायचा, मी वाटभर घोरायचो. माझं इंग्रजी मोडकं, पण तो जाळ्याला गाठ कशी मारतो ते बघून मी ओळखलं, हा आपल्यातलाच, जातिवंत मासेमार. त्यानेच सांगितलं, की त्यांच्या पूर्वजांशी गोऱ्यांच्या राजाने करार केला होता. शिकार करा, मासे धरा, पोट भरा, कोणी अडवणार नाही. मोठ्या कोर्टानेही ते मानलंय. पोटासाठी धरलेला मासा विकायचा नाही, वाटायचा, आणि पहिला वाटा म्हाताऱ्यांचा.

हिच्या पानाचं मी त्याला सांगितलं होतं. वर्षाच्या आदल्या दिवशी त्याने सापळा उचलला. सगळ्यात जाड वाम पिशवीत घालून माझ्या हातात दिली. माझा हात खिशाकडे गेला.

"ठेव ते पाकीट," तो म्हणाला. "पैसे घेतले तर दोघंही तुरुंगात. तिथे तुझं घोरणं कोण ऐकेल?"

आम्ही हसतोय तोवर सरकारच्या मासेमारी खात्याची गाडी आली. दोघे उतरले. एकाने मला विचारलं, "कितीला घेतली?"

"नो मनी," मी म्हणालो. "माय वाइफ. डेड."

"सॉरी फॉर युअर लॉस," म्हणाला, आणि पिशवी काढून घेतली.

माझा मित्र त्यांना कराराचं सांगत राहिला. ते म्हणाले, कोर्टात सांग. त्याचे सापळे उचलले, वामी गाडीतल्या पिंपात ओतल्या. पाणी नाही, बर्फ नाही, वरून ऊन. कागद रंगवत बसले तोवर वामी फेसाळल्या, मग हलायच्या थांबल्या. वास सुटला. समोरच्या धक्क्यावर मोठ्या बोटी मासळी उपसत होत्या, तिकडे कोणी मान वळवली नाही. जन्म मासळीत गेला, पण मासळीच्या वासाने मला शिसारी आली ती त्या दिवशी. धरलेला मासा कोणाच्याच पोटात जायचा नाही, ह्यापरतं घाण काम नाही.

घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, "बाबा, त्या लोकांच्या भानगडीत पडू नका. आपण सिटिझनशिपला अप्लाय केलंय."

सून म्हणाली, "त्यांना तर सगळं फ्रीच मिळतं."

"त्यांच्याच नदीतलं त्यांना फुकट," मी म्हणालो. "आणि आपण काल आलो ते मालक." मग जेवलो नाही. त्या दोघांसमोर घास उतरला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवरच्या मित्राची खटारा गाडी दारात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाम, धुरी देऊन टिकवलेली.

"माझ्या आईच्या फ्रीझरातली. तिच्या वाट्याची," तो म्हणाला. "तिला तुझ्या बायकोचं सांगितलं. म्हणाली, तिला आधी."

मुलाने खिडकीचा पडदा ओढला, शेजाऱ्यांना गाडी दिसू नये म्हणून. पडद्याने गाडी झाकते होय? मी चिंचेचा कोळ केला, पान वाढलं, घरामागच्या लाकडी डेकवर ठेवलं. इथले कावळे आपल्याकडच्यापेक्षा थोराड. एक आला, भाताकडे बघितलंसुद्धा नाही, वामीचा तुकडा उचलून उडाला. त्याने माझा दंड धरला.

कावळा शिवल्यावर पहिलं पान पाहुण्याचं. त्याला टेबलाशी बसवलं. मुलगा बेसमेंटमध्ये निघून गेला, ऑफिसचा कॉल आहे म्हणाला. रविवार होता.