‘मारस’ म्हणजे कोण मारतंय?

बातम्यांच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की एकाने सुरू करायचं, दुसऱ्याने त्यात फोडणी घालायची, आणि डबा धुईपर्यंत किस्सा तयार! आमच्याकडे असे पोत्याने पडलेत. फक्त गेल्या उन्हाळ्यातले आम्ही सहसा काढत नाही. काढले की आमचा संजू आधी उठून दार लोटून घेतो. तुम्ही आपलेच आहात म्हणून सांगते, आणि तरी गावाचं नाव घेणार नाही. धरणगावच्या अंगाला एक बाजाराचं गाव, एवढं पुरे.

आधी माणसं सांगते. जळगावात पाइपच्या एका दुकानावर दोन खोल्या, ते आमचं न्यूज चॅनेल. मोबाइलवर दिसतं, टीव्हीवर नाही. पण भाऊ, म्हणजे आमचे मालक आणि संपादक, ही गोष्ट लोकांना सांगत नाहीत. संजू कॅमेरा सांभाळतो. धरणगावचे नाना, रिटायर्ड मास्तर, आठवड्यातून तीन दिवस येऊन शुद्धलेखन तपासतात. आणि मी पट्टी लिहिते. व्हिडिओत माणूस बोलतो ना, ते खाली अक्षरांत येतं, ती पट्टी. मी पहूरची, म्हणून भाऊ मला नावाने हाकच मारत नाहीत. "ए पहूर, पट्टी टाक!"

*

त्या दिवशी दुपारी एक व्हिडिओ आला. चाळीस सेकंदांचा. बाजारात रस्त्यावर हातगाडी लावली म्हणून पोलिसांशी वाद, आणि वादातून अटक. गाडीवाला भटू, भरताची वांगी विकणारा. दोन हवालदार त्याला ओढतायत. एकाची काठी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. भोवती इतकी गर्दी, की भटूचं खांद्यापासून वरचंच दिसतं. अलीकडे रस्त्यावर वांगी तुडवली जातायत. आणि भटू ओरडतोय, "मारस! मारस!"

मला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं. पण मागे भाऊ उभे. "दुसऱ्यांनी टाकायच्या आत टाक!"

भाऊंचा एक नियम आहे. पट्टीत वाक्य पूर्ण पाहिजे. कर्ता, कर्म, क्रियापद! अर्धवट वाक्य दिसलं की म्हणतात, "आपण बातमी देतो, तार नाही पाठवत!" आता नुसत्या ‘मारस’मध्ये कर्ता कुठून आणायचा? आमच्या पहूरकडची बोली वेगळी, धरणगाव-धुळ्याकडची अहिराणी वेगळी. नोकरीला लागताना मी ‘अहिराणी येते’ असं ठोकून दिलं होतं. येत होती ती बाजारात भाव करण्यापुरती. ‘मी करस’ म्हणजे ‘मी करतो’, एवढं कानावरून गेलेलं. मग ‘मारस’ म्हणजे काय? मी घाईघाईत टाइप केलं, "मी मारतो! मी मारतो!"

भाऊ खूश. "आता कसं वाक्य झालं!"

*

संध्याकाळी लाइव्ह चर्चा. विषय भाऊंनीच काढला, ‘पोलिसांची काठी: गरज की गुर्मी?’ एका बाजूला रिटायर्ड फौजदार, दुसऱ्या बाजूला एक वकीलबाई.

वकीलबाईंनी सुरुवातच जोरात केली. "एका वांगीवाल्याला धरायला एवढं मारावं लागतं?"

फौजदार शांत माणूस. म्हणाले, "बाई, भरबाजारात दोन हवालदार आणि भोवती दोनशे लोक. कोण कुठून दगड घालेल सांगता येत नाही. घाबरलेला पोलीसही माणूसच असतो." खरं सांगते, मला ते पटलं.

"पण त्या माणसाने हात उचलला का?" वकीलबाई सोडायला तयार नाहीत.

"हात दिसतायत का व्हिडिओत? नाही ना! मग हात काय करत होते ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. पण तोंडाने काय म्हणतोय ते बघा की." फौजदारांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "मी मारतो! हे मी नाही, तुमच्या चॅनेलनेच लिहिलंय!"

वकीलबाईंनी पट्टी वाचली आणि समोरचे कागद गोळा केले. खाली कॉमेंटचा पाऊस. ‘पोलिसांना दम देतो?’ ‘आणखी दोन द्यायला हव्या होत्या!’ ‘गरिबाला मारणं सोपं आहे.’ एकाने विचारलं होतं, ‘वांगी कुणी उचलली मग?’

चर्चा संपल्यावर भाऊ म्हणाले, "ए पहूर, चर्चा तुझ्या पट्टीने जिंकली!" मी त्या दिवशी घरी पेढे नेले होते. आता आठवलं की लाज वाटते.

*

नाना दोन दिवसांनी आले. डबा ठेवला, चष्मा लावला, व्हिडिओ पाहिला. आधी हसले. मग एकदम थांबले.

"कोनी लिखं हाई?"

नाना ऑफिसात शुद्ध बोलतात. अहिराणीवर उतरले म्हणजे प्रकरण गंभीर.

"मी," मी म्हटलं.

"पोरी, आपली अहिराणीमा मी मारस, तू मारस, तो बी मारस. बठ्ठास्नं एकच. कोन मारस ते दखनं पडस!" मग चष्मा काढून ते हळू आवाजात शुद्ध मराठीत म्हणाले, "कोण मारतंय ते बघावं लागतं. तो रडतोय गं. ‘मारतोय, मला मारतोय’ म्हणतोय. मार खाणाऱ्याच्या तोंडात तू मारणाऱ्याचं वाक्य घातलंस."

आम्ही पट्टी तेव्हाच काढली. पण उपयोग काय? जुनी सगळ्यांच्या फोनमध्ये फिरत होती. संजू म्हणाला, "सुटलेली म्हैस एक वेळ सापडेल, पण ही नाही."

*

त्यानंतर जिन्यावर पावलं वाजली की आमच्या गप्पा बंद. एके दुपारी दारात खाकी शर्ट! संजूने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून सरळ तोंडात टाकलं. भाऊ गणपतीच्या फोटोपुढे हात जोडून उभे. मी चप्पल शोधायला टेबलाखाली वाकले, ती वर आलेच नाही.

"नाना मास्तर इथंच बसता का?" खाकी शर्टाने संजूला विचारलं.

संजू काय बोलणार? कार्ड तोंडात!

"यांना बोलता येत नाही का?"

"नाही," भाऊ गणपतीकडे बघतच म्हणाले, "जन्मापासून."

"अरेरे. बरं, मास्तरांना ही छत्री द्या. सकाळी माझ्या रिक्षात राह्यली." रिक्षावाला छत्री ठेवून निघून गेला. जाता जाता संजूच्या पाठीवरून हातही फिरवून गेला बिचारा!

आम्ही पोट धरून हसलो. पण संजूने कार्ड बाहेर काढलं आणि आधी उठून दार लोटून घेतलं.

*

खरे आले ते साध्या कपड्यांत आले. मी ऑफिसात एकटीच होते.

"नमस्कार ताई. ती पट्टी तुम्हीच लिहिली ना? फार स्पष्ट लिहिली."

मी त्यांना बघताक्षणी ओळखलं. व्हिडिओतले दुसरे हवालदार! काठीवाले नव्हेत, भटूला धरून ओढणारे. तो चेहरा मी शंभर वेळा पुढे-मागे करून पाहिला होता. ठाण्याचे रायटरही तेच, म्हणजे सगळं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांनी कागद पुढे सरकवला. ‘आरोपी जे बोलला तेच पट्टीत लिहिले आहे.’ खाली माझ्या सहीची जागा. भटूवर पोलिसावर हल्ला केल्याचा गुन्हा लागला होता, आणि पुराव्यात माझी पट्टी होती.

"पट्टी आम्ही काढलीय," मी म्हटलं.

"असू द्या. आमच्याकडे आहे."

"संपादक बाहेर गेलेत. त्यांना विचारल्याशिवाय..."

"काही घाई नाही. बुधवारी त्या व्हिडिओच्या चौकशीला बाहेरून साहेब येतायत, तेव्हा ठाण्यावर येऊन करा सही." ते पाणी प्यायले, ग्लास जागेवर ठेवला आणि उठले. दारातून वळून म्हणाले, "पहूरच्या ना तुम्ही? आई एकट्याच असतात तिथं?"

एवढंच! ना दम दिला, ना आवाज चढवला. सहज विचारलं असेल, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं. मग आईला फोन लावला.

"आई, दाराला कडी घालून बस."

"दिवसाढवळ्या काहून?"

"ऊन फार आहे म्हणून!"

"उन्हाले कडी लागते का बाई?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "तुहं नाव तं नाही ना कशात?"

*

भाऊंनी दुरुस्ती द्यायचं ठरवलं. सकाळपासून लिहीत होते. दुपारी मोठ्याने वाचून दाखवली. ‘आमच्या पट्टीतील ‘मी’ हा शब्द प्रेक्षकांनी वाचू नये.’

नानांनी विचारलं, "मग काय वाचावं?"

"ते प्रेक्षकांनी ठरवावं!"

"भाऊ, ‘आमचं चुकलं’ असं लिहा की. दोन शब्द आहेत."

"चुकलं लिहिलं की आपल्यावर केस! मग तुमचे डबे कोण भरणार?" भाऊ टेबलावर हात आपटून ओरडले. इतकी वर्षं झाली, पण त्यांना असं ओरडताना मी पहिल्यांदा पाहिलं. माणूस घाबरला होता हो. आम्ही सगळेच घाबरलो होतो. दुरुस्ती काही निघाली नाही.

*

मंगळवारी एक बाई जिना चढून आली. चपला बाहेर काढल्या आणि दारातच उभी राहिली.

"पट्टी लिखनारी बाई कोन शे?"

संजूने भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी पंख्याकडे. मी म्हटलं, "मीच."

ती इंदूबाई, भटूची बायको. मला वाटलं आता शिव्याशाप, आणि मी ते खायला तयारही होते. तिने कमरेचा फोन काढून माझ्यापुढे धरला. "माले वाचता येत नही, ताई. लोक सांगतस तठे काहीतरी वंगाळ लिखेल शे. वाचीसन दखाडा."

मी वाचलं. "मी मारतो. मी मारतो."

"हाई त्या कव्हय बोलनात?"

हे ते कधी बोलले, असं ती विचारत होती. मी फोन तिला परत दिला. ती म्हणाली, नवऱ्याचा खांदा मोडलाय, सरकारी दवाखान्यात पहाऱ्यात ठेवलाय, जामीन मिळत नाहीये. वांग्यांची गाडी आता ती एकटी लावते, आणि खाकी दिसली की भरल्या गाडीवरून उठून पळते. रडत नव्हती. एवढं सांगून ती माझ्या पायाशी वाकली. "खरं शे ते लिखी द्या, ताई. मी तुमना पाय धरस."

मी तिला दंडाला धरून उठवलं. "उद्या जाते मी. सांगते साहेबांना." तोंडातून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर मी जास्तच घाबरले.

*

बुधवारी नाना सोबत आले. भाऊंनी निघताना एवढंच सांगितलं, "चॅनेलचं नाव शक्यतो घेऊ नको!" म्हणजे मी कुणाची पट्टी लिहिते म्हणून सांगायचं?

ठाण्यात साहेब टेबलामागे. कोकणातला माणूस, आवाज मऊ. शेजारी कॉम्प्युटरवर जबाब टाइप करायला कोण, तर तेच रायटर! आणि दाराशी फायली घेऊन उभे काठीवाले हवालदार. साहेबांनी मुद्दाम तसं केलं होतं की माणसंच कमी होती, देव जाणे. मी समोरच्या खुर्चीत बसले.

"बोला ताई."

"साहेब, माझी पट्टी चुकली. तो नुसतं ‘मारस’ म्हणाला. त्यातला ‘मी’ मी घातला."

नानांनी मी मारस, तू मारस, तो मारस सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्याच्याच भागातले. उद्या कुणी म्हणेल, आपल्या माणसाची बाजू घेतली." मग ते रायटरकडे वळले. "तुम्ही कुठले?"

"साक्रीकडचा, साहेब."

"घरी काय बोलता?"

"अहिराणी."

"मग तुम्हीच सांगा. ‘मी मारतो’ला तुमच्यात काय म्हणतात?"

"मी मारस."

"आणि ‘तो मारतो’?"

कीबोर्डचा आवाज थांबला. "तो मारस, साहेब."

दाराशी कुणीतरी घसा खाकरला. नानांनी माझं मनगट घट्ट धरलं. साहेबांनी फोन टेबलावर उभा केला आणि व्हिडिओ लावला. त्या बंद खोलीत भटूचा आवाज बाजारातल्यापेक्षा मोठा वाटला. "मारस! मारस!" चाळीस सेकंद.

"मग हा कुणाबद्दल म्हणतोय?" साहेबांनी विचारलं. "याचे हात तर दिसतच नाहीत. मारायला उचलले होते का त्याने?"

रायटरनी दाराकडे पाहिलं. मग मान खाली घातली. इतका वेळ ते आमच्याशी ऑफिसातलं मराठी बोलत होते.

"साहेब, तो कसा मारी? त्याना दोन्ही हात मन्हा हातमा व्हतात."