चेअरमनीणबाईंची चूल

कुंडलजवळच्या एका गावात द्राक्षवाल्यांनी शीतगृहाची सोसायटी काढली, तेव्हा सुकुमार मगदूम तिचे पहिले चेअरमन झाले. त्यांची बायको सुंदरी कुठलीही निवडणूक न लढवता चेअरमनीणबाई झाली. म्हणजे पूर्वी ती घरच्यांच्या भाकरी थापायची, आता संचालक मंडळाच्याही थापू लागली.

सोसायटीला अजून इमारत नव्हती, म्हणून सभा मगदुमांच्या घरी, पुढच्या सोप्यात. संचालक दिवसभर बागेत, म्हणून सभा रात्री. आणि रात्रीची सभा म्हटल्यावर जेवण आलंच. कागदावर पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे असा असे. मंडळींच्या मनातला पहिला विषय आमटी.

मगदूम जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग चूल बंद, भांडी पालथी. सुंदरीच्या सांगलीच्या माहेरी हेच होतं आणि सासरीही, नवऱ्याला खुर्ची मिळेपर्यंत. आता ती स्वतः उजेडात जेवून घ्यायची आणि अंधारात पुन्हा परात घेऊन बसायची. आपण खायचं नाही, पाहुण्याला घालायला दोष नाही, असा शास्त्रार्थ सुकुमारनी काढला होता. तो कुठल्या पोथीत सापडला ते त्यांनाच ठाऊक. पुढे पुढे तर पाहुण्यांना सोबत म्हणून तेही दोन घास घेऊ लागले.

पंच्याण्णव साली शीतगृहाची इमारत झाली, पण तिथे चूल नव्हती, म्हणून सभा सोप्यातच राहिल्या. उद्घाटनाला महिला मेळावा ठेवला आणि सांगलीहून इतिहासाचे एक प्राध्यापक बोलावले. त्यांनी थेट अमेरिका गाठली. तिथल्या पहिल्या अध्यक्षांच्या पत्नीनेही जन्मभर आल्यागेल्याला जेवू घातलं, घराची खानावळ झाली तरी कुरकुर केली नाही, आमच्या सुंदरीताई त्याच माळेतल्या, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. सुंदरीला शाल मिळाली.

चहाच्या वेळी ती त्यांच्यापाशी गेली. "सर, त्या बाईंच्यात चुलीपुढं कोण बसायचं?"

सरांनी चष्मा पुसला. "त्या काळी गुलाम असत ना त्यांच्याकडं. पुष्कळ."

"मग बाई काय करायच्या?"

"त्या स्वागत करायच्या."

सुंदरीने त्यांना चहा दिला. सरांच्या गोष्टीत आपली जागा कुठली ते तिला चांगलंच कळलं, आणि ती अध्यक्षांच्या बायकोची नव्हती. संध्याकाळी उद्घाटनाचे पाहुणे जेवायला थांबलेच. शाल घडी करून ठेवून ती चुलीपुढे बसली.

त्या चातुर्मासात गावातल्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आर्यिका माताजी मुक्कामाला होत्या. एका सकाळी प्रवचन संपल्यावर सुंदरी उठली आणि तिने नियम घेतला: दिवस मावळल्यावर चूल पेटवणार नाही, स्वतःसाठी नाही आणि दुसऱ्या कुणासाठीही नाही. माताजींनी आशीर्वाद दिला, बस्तीभर जयजयकार झाला. पुढच्या रांगेत बसलेल्या चेअरमनसाहेबांनाही त्यात आवाज मिसळावा लागला.

घरी आल्यावर मात्र त्यांचा आवाज वेगळा होता. "नियम घ्यायला दुसरं काय मिळालं न्हाई? बटाटा सोडायचा हुतास."

"मी बटाटा सोडून संचालक उठणार हुते व्हय?"

"अगं, वर्षभरात निवडणूक हाय. माझी खुर्ची जाईल."

"खुर्ची भाकरीवर उभी हुती? मला वाटलं, मतांवर हाय."

ते तीन दिवस धुसफुसत राहिले. पण गावादेखत घेतलेला नियम बायकोला मोडायला लावायचा, तर समाजात तोंड कुठे दाखवणार? शेवटी त्यांनी सभाच दुपारी चारला घ्यायला सुरुवात केली. तिथे भलताच घोटाळा झाला. जेवण नाही म्हटल्यावर मंडळी घोळ घालेनात आणि सभा अर्ध्या तासात संपू लागली. इतकी वर्षं आपण मध्यरात्रीपर्यंत काय करत होतो, हा प्रश्न संचालकांना पडला. त्याचं उत्तर अडचणीचं असल्यामुळे त्यांनी चेअरमनला मनमानी कारभाराचा दोष दिला.

मंडळात नाथाजी नावाचा एक संचालक बरेच दिवस खुर्चीवर डोळा ठेवून होता. त्याने आपल्या मळ्यातल्या शेडवर रात्री मटण घालायला सुरुवात केली. तत्त्वाचा प्रश्न असल्याने बहुतेक संचालक तिकडे गेले. निकालादिवशी गुलाल नाथाजीवर पडला.

सुकुमार घरी आले ते भिंतीकडे तोंड करून पडले. सुंदरीला वाईट वाटलं नाही असं नाही. शीतगृहासाठी माणूस खरंच राबला होता, तालुक्याला खेटे घालून टाचा झिजल्या होत्या. पण साडेपाचला तिने ताट वाढलं, "उठा, उजेड हाय तंवर," म्हणाली, आणि ते उठले. आठवड्याभरात साडेपाचच्या आधीच काय केलंय म्हणून स्वयंपाकघरात डोकावू लागले. हा नवा ताप होता, पण अंधार पडला की संपायचा.

पाऊस उघडल्यावर एका दुपारी नाथाजीची बायको लीलाबाई मागच्या दाराने आली. डोळे धुराने लाल, हाताला वाटणाचा वास. मळ्यावरची मंडळी आता तिच्या घरी येत होती. चेअरमनच्या घरी नाही जेवायचं तर कुठे?

"आवं अक्का," ती पदराने कपाळ पुसत म्हणाली, "त्यो तुमचा न्येम आमच्यातल्या बाईला घेता येतो का?"

"न घ्यायला काय झालं? पण घरात घेऊ नको. घरात घेतलेला नियम घरातच मोडत्यात."

"मग कुटं घिऊ?"

सुंदरीने थोडा विचार केला. "तुमच्या देवळात पुढच्या महिन्यात सप्ताह बसतोय न्हवं? तिथं घे. तिथं माईक असतो."