सुईनंतरचं कालवण

दर सोमवारी सकाळी मी बायकोच्या पोटात सुई टोचतो. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, म्हणून सगळंच सांगतो.

काशीदला आमची घरगुती खानावळ आहे. रांधते ती. मी ताटं वाढतो आणि पर्यटकांना गाड्या कुठे लावायच्या ते दाखवतो. बायकोचं वजन बरंच वाढलं होतं, साखरही वाढली होती. गुडघे तर इतके दुखायचे की ती मासे स्टुलावर बसूनच तळायची. अलिबागच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. त्याने भूक कमी होईल, म्हणाले. भूक नसलेल्या बाईने खानावळ कशी चालवायची, असं तिने विचारलं. भूक तुमची कमी होईल, गिऱ्हाइकांची नाही, असं त्यांनी समजावलं.

इंजेक्शन जाड बॉलपेनासारखं दिसतं. ते बर्फाच्या खणात ठेवायचं नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. कोलंबीचा वास लागू नये म्हणून तिने ते स्टीलच्या डब्यात घातलं. आख्खी सुरमई कोयत्याने कापणारी ही बाई, पण एवढीशी सुई तिला बघवत नाही. ती भिंतीकडे तोंड करते आणि मी पेन दाबतो.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. अर्धी भाकरी खाऊन ती ताट सारायची. मग डोस वाढला आणि तिला तळणाचा वास नकोसा झाला. नाकावर पदर बांधून ती तळायला लागली. खरी अडचण चवीची होती. आधी ती कालवणाचा थेंब तळहातावर घ्यायची, चाटायची आणि मान हलवायची. आता पळी तोंडाशी नेली तरी तिला मळमळायचं. चव बघायचं काम माझ्याकडे आलं.

मला रक्तदाब आहे. कित्येक वर्षं मी जवळजवळ अळणीच खातो. त्यामुळे मला प्रत्येक कालवण खारट लागलं आणि मी तसं प्रामाणिकपणे सांगत गेलो. तीही मीठ कमी करत गेली. हळूहळू सगळ्याच टेबलांवरून लोक मीठ मागायला लागले. मी आनंदाने नेऊन देत होतो.

शेवटी दरवर्षी येणाऱ्या पुण्याच्या एका कुटुंबाने स्वयंपाकाला दुसरं कोणी ठेवलंय का, असं हळूच विचारलं. मी ते जसंच्या तसं स्वयंपाकघरात सांगितलं. तिने गॅस बंद केला.

“मला खायची आठवणच येत न्हाय हो,” ती म्हणाली. “कुणी खातंय, त्यांना काय लागतंय, माझ्या डोक्यातच येत न्हाय. नुसती भांडी भरते मी.”

लग्नापासून एवढं हताश बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. इंजेक्शन बंद करूया, असं मी सुचवलं. तिने नकार दिला. त्या आठवड्यात ती कठडा न धरता घराच्या तिन्ही पायऱ्या उतरली होती.

दुसऱ्या दिवशी वाटीत कालवण घेऊन ती शेजारी गेली. शेजारी माझी मोठी वहिनी एकटी राहते. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले असताना आमच्या गिऱ्हाइकांनी तिथे गाड्या लावल्या, तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. मी दारापुढच्या ओट्यावर उभा राहून बघत होतो.

“ताई, याला मीठ हाय का बघ,” बायको म्हणाली.

वहिनीने वाटी घेतली, घोट घेतला, आणखी एक घेतला.

“मीठ न्हाय. चिंच पन न्हाय. कुनी केलंय?”

“मीच.”

वहिनीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आजारी आहेस का, म्हणून विचारलं. मग दोघी आत गेल्या. काय बोलल्या ते मला आजही ठाऊक नाही.

वहिनी दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक व्हायच्या वेळेला यायला लागली. चव बघते, नावं ठेवते, मीठ स्वतःच टाकते. गाड्या मी मागे सुरूच्या झाडांखाली लावायला सांगतो. कुणी मला तसं बजावलं नव्हतं. तिला मळमळतं हे ऐकून डॉक्टरांनी डोस एक पायरी खाली आणला, आणि भूक नसली तरी अंडं, मासा, डाळ आधी खायची, असं सांगितलं. साखर उतरली. ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले. म्हसळ्याहून एका ओळखीच्याने फोन करून, मुलाच्या लग्नाआधी बारीक व्हायला दोन पेनं मिळतील का, असं विचारलं. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. तो रागावला.

परवा गिऱ्हाइकं गेल्यावर दोघी जेवायला बसल्या. बायकोने बांगड्याचा तुकडा मोडला, सावकाश चावला आणि जरा जास्त तळलाय, असं म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती जेवणाबद्दल काही बोलत होती. मला फार बरं वाटलं. वहिनीला वाटलं नाही, कारण बांगडा तिने तळला होता. संध्याकाळच्या चहापर्यंत ती बोलली नाही. चहाला मात्र आली.