तीन वेळा नाही

आता स्वतःच्या फजितीबद्दल किती सांगायचं! पण चहा उकळेपर्यंत वेळ आहे, तर ऐका.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता, ती वर्षं. आज बंद, उद्या मोर्चा. परभणीहून निघालेली एसटी पोचेलच याचा भरवसा नाही. आणि माझी नोकरी काय? आमच्या संस्थेच्या वाचनालयांतले कॉम्प्युटर सांभाळायचे! झरीला एक, पिंगळीला एक, वालूरला एक. त्यांत पुस्तकं शोधायचा प्रोग्रॅम होता. त्याची नवी आवृत्ती आली की प्रत्येक गावी जाऊन जुनी सेटिंगं हातानं बदलायची. नुसता वैताग!

म्हणून मी एक टूल लिहिलं. फ्लॉपी पोस्टानं पाठवायची, तिकडच्यांनी ती कॉम्प्युटरमध्ये घालायची, पुढचं सगळं आपोआप.

एकच अडचण होती. नवीन काही म्हटलं की आमची माणसं आधी 'नको' म्हणणार. पण मीही इथलाच ना! आपल्याकडं पाहुणा पहिल्यांदा विचारल्यावर कधी चहाला हो म्हणतो का? 'आत्ताच झाला' म्हणतो आणि तिसऱ्या आग्रहाला कप उचलतो. मी तोच आग्रह टूलमध्ये घातला. 'नवी आवृत्ती घालू का?' नाही म्हटलं, तर 'एकदा विचार करा ना!' पुन्हा नाही म्हटलं, तर 'आमच्या शब्दाला मान द्या!' आणि तिसरं नाही म्हणजे हो! हे सुचलं तेव्हा मी स्वतःवरच इतका खूश झालो, की दिवसभर एकटाच हसत होतो.

फ्लॉप्या पोचल्या आणि वालूरहून गायकवाड मॅडमचा फोन आला. या तिथल्या ग्रंथपाल, पण हंगामी. घरात पगार आणणारं पहिलंच माणूस. वर्षभर खपून त्यांनी शोधाची सेटिंगं गावाच्या बोलण्याप्रमाणं बसवली होती. कुणी 'जनावर' टाइप केलं की गाई-म्हशींच्या आजारांची पुस्तकं समोर यायची.

"सर, उद्या कमिटी यायलीय. माझं पर्मनंट व्हायचं त्याच्यावर हाय. अन् तुमच्या टूलानं माझं सगळं पुसून टाकलं!"

"मग नाही म्हणायचं ना, मॅडम!"

"तीनदा म्हणलं की वो!"



सकाळची पहिली एसटी धरून वालूर गाठलं. मॅडमनी सेटिंगांची एक नक्कल वेगळ्या फ्लॉपीत ठेवली होती; ती परत बसवणं त्यांना येत नव्हतं, पण नक्कल होती म्हणून वाचलो. ती घातली, 'जनावर' टाइप केलं, पुस्तकं आली. हुश्श! तेवढ्यात कमिटी दारात आली आणि वीज गेली. कधी नाही ते लगेच आलीसुद्धा. कॉम्प्युटर सुरू झाला आणि कुणी न बोलावता माझं टूल उठलं. जुनी सेटिंगं दिसली की आपणहून उठायचं, असं मीच शिकवलं होतं त्याला!

'नवी आवृत्ती घालू का?'

"लय अदबीनं विचारायलंय की!" कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब कौतुकानं म्हणाले.

मला मात्र घाम फुटला. होय म्हणावं तर पुसणार, नाही म्हणावं तरी पुसणार. बंद करून चालू केला, तर पुन्हा पहिला प्रश्न. दादासाहेब म्हणाले, "थांबलात का? दाबा की!" मी दाबलं. नाही. नाही. नाही.

दादासाहेबांनी 'जनावर' टाइप केलं. 'काही सापडलं नाही.'

"बाई, हे काय हाय? वर्षभर काय केलं तुमी?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. विजेवर ढकलून मला सुटता आलं असतं, पण त्यांचा चेहरा बघवेना. खरंच फार वाईट वाटलं. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी बाई न्हाई म्हणल्या, अन् तुमी हो धरलं?"

"आग्रह म्हणून, दादासाहेब."

"आग्रह पंगतीत करतेत सर. दुसऱ्याच्या वर्षभराच्या कामावर न्हाई."

मान खाली घालून मी टूल काढून टाकलं, मॅडमची फ्लॉपी पुन्हा घातली. पुस्तकांची नावं भराभर पडद्यावर आली. दादासाहेबांनी सगळी नीट वाचली आणि म्हणाले, "बाई, आजपासून तुमी पर्मनंट." मॅडमनी पदरानं डोळे टिपले. मलाही इतकं हलकं वाटलं, की जीभ सैल सुटली.

"दादासाहेब, टूल दुरुस्त करून झरीला पाठवू का?"

"नको."

"आता एकदाच विचारेल ते."

"नको म्हणलं ना!"

"तसं नाही, बघा तरी..."

"सर, नको!"

"बरं, निदान पिंगळीला?"

मॅडम मागून म्हणाल्या, "सर, तुमच्यापरीस ते टूल बरं. तीनदा विचारून थांबतंय तरी!"