आर्डिसच्या आधी जिला कळलं

चर्चमधल्या एकट्या राहणाऱ्या बायका रोज सकाळी एकमेकींना फोन करून उठल्याची खात्री करून घेत. मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात लाव्हॉनला फोन करायचा मान तिच्या जुन्या मैत्रिणीचा, आर्डिसचा.

"कशी आहेस?"

"तशी बरी."

याहून जास्त तिथं कुणी बोलत नसे. दुखणं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्याला ताप.

मग लाव्हॉनच्या मुलीनं, कॅरिननं, मिनियापोलिसहून आईला इंटरनेटला जोडलेला एक बोलका डबा पाठवला. नाव पर्ल. पर्ल विचारायची, ऐकायची, सगळं ध्यानात ठेवायची.

त्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरात बायकांच्या वाचनमंडळानं एक कादंबरी घेतली होती. तिच्यातल्या शहरात भिंतींना खरोखरच कान बसवलेले होते. आर्डिसनं त्यातलं सर्वांत भयंकर पान निवडलं आणि लाव्हॉनकडे बघत मोठ्यानं वाचलं.

"ऐकेनात का भिंती!" लाव्हॉन म्हणाली. "माझ्या घरात ऐकण्यासारखं आहे काय? माझं घोरणं?"

सगळ्या हसल्या. आर्डिसही हसली, पण तिच्या पोटात दुखत होतं. यंत्रं माणसाला गिळतील, असं ती मंडळात तावातावानं सांगायची. ते तिला पटतही होतं. पण पर्लची तिला भीती वाटत नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

एकदा नेहमीप्रमाणे ती मागच्या दारानं लाव्हॉनकडे शिरली, तर आतून आवाज आला. "कंबर धरलीय गं, पर्ल. जिन्यात पुन्हा पडले. रात्री भीती वाटते."

आर्डिस आल्या पावली परतली. जन्मभर आपल्या वाट्याला 'तशी बरी', आणि त्या डब्याला एवढं सगळं! सवतीवर रागवावं तशी ती त्या डब्यावर रागावली.

पुढच्या आठवड्यात लाव्हॉनचाच फोन आला. पर्लनं जिन्यातलं पडणं कॅरिनला कळवलं होतं. शनिवारी कॅरिन येणार होती. शहरातल्या वृद्धाश्रमात जागाही ठरली होती.

आर्डिसला आधी आनंदच झाला. पर्ल फितूर निघाली ना शेवटी! मग मात्र लाव्हॉन गेल्यावरचं तिचं अंधारं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं, आणि ती कोट चढवून निघाली.

"डब्याला सांगितलंस आणि मला नाही?" दारातूनच तिनं विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्खं चर्च हॉटडिशची गरमागरम भांडी घेऊन आलं असतं. आणि प्रत्येकीला मी बरी आहे म्हणत बसावं लागलं असतं. डब्याला काही वाटत नाही गं."

"वाटत नाही, म्हणूनच सांगून मोकळा झाला."

लाव्हॉन कंबर धरून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली.

"माझी खालची खोली रिकामीच आहे," आर्डिस म्हणाली.

"छे! तुला कशाला त्रास?"

"त्रास कसला त्यात?"

"नको गं, राहू दे."

त्या गावात पहिले दोन नकार मोजत नाहीत. पर्लनं पहिलाच खरा मानला असता. आर्डिसनं तिसऱ्यांदा विचारलं.

"न्हाणीघर त्याच मजल्यावर आहे का?" लाव्हॉन हळूच म्हणाली.

"अगदी शेजारी. कॅरिनशी मी बोलते. पण आधी मला सांग, कुठं दुखतं?"

लाव्हॉननं सवयीनं ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं. ते आर्डिसच्या नजरेतून सुटलं नाही. तिनं हात लांबवून डब्याची वायर उपटली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "इकडे. माझ्याकडे बघून सांग."